नर्सबाईंचा कठडा

नर्सबाई कुणाला ‘बरं आहे ना?’ असं कधी विचारत नसत. जिन्यात गाठ पडली की थेट विचारत, “कुठं दुखतंय?” काही दुखत नाही म्हटलं तर त्यांचा विश्वास बसत नसे. सगळी नोकरी नगरच्या सरकारी दवाखान्यात झालेली. सावेडीतल्या आमच्या इमारतीत त्या वरच्या मजल्यावर राहत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर त्यांनी कोल्हारहून धाकट्या बहिणीला, सुमनला, सोबतीला आणलं.

एका सकाळी सुमन गॅलरीत कपडे वाळत घालत होती. टॉवेल खाली पडला म्हणून कठड्याला धरून वाकली आणि कठड्यासकट खाली कोसळली. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग लुळं पडलं. नंतर एका इंजिनिअरनं पाहणी केली. कठड्याचे गज काँक्रीटमध्ये रोवलेच नव्हते. प्लास्टरमध्ये टेकवून वरून रंग फासला होता. आमच्या सगळ्यांच्याच गॅलऱ्या तशा होत्या.

बिल्डर भेटायला आला तो शिर्डीचा प्रसाद घेऊन. “नशिबाचा भाग आहे, बाई,” म्हणाला.

नर्सबाईंनी पुडा हातात घेतला नाही. “आत या. तिला बघा, मग बोलू.”

तो दारातच घुटमळला आणि निघून गेला. बाईंनी जिल्हा ग्राहक मंचात तक्रार केली. घर बांधून देणं हीसुद्धा सेवा आहे आणि त्यात खोट असेल तर दाद मागता येते, हे कायद्यात नुकतंच आलं होतं. आम्हा शेजाऱ्यांना त्यांनी ते घरोघर जाऊन समजावलं आणि तक्रारीत सामील करून घेतलं.

मग तारखा पडू लागल्या. बाई सुनावणीला जात तेव्हा मी सुमनजवळ बसे. एकदा ती मला म्हणाली, “ताई, अक्काला सांगा, पुरं झालं आता. लई दमलीय ती.” मी निरोप दिला. बाई म्हणाल्या, “तिला माझं दमणं दिसतं. पडून पडून पाठीला झालेल्या जखमा तिला दिसत नाहीत.”

मंचासमोर बिल्डरचा वकील म्हणाला, कठड्यावर एवढा भार टाकायचाच नसतो. बाई शांतपणे उभ्या राहिल्या. “भार नव्हता साहेब. हात होता.”

निकाल लागण्याआधीच सुमन गेली. पाठीच्या जखमा चिघळल्या, ताप उतरेना. आता मिटवून घ्या, असे निरोप येऊ लागले. बाई एवढंच म्हणत, “बाकीच्या घरांत माणसं राहतात अजून.” शेवटी निकाल आमच्या बाजूनं लागला. बिल्डरला सगळे कठडे तोडून नव्यानं बांधून द्यावे लागले. बाईंच्या गॅलरीत काम चाललं होतं तेव्हा त्या आतल्या खोलीत दार लावून बसल्या होत्या.

निवृत्त झाल्यावर त्यांनी फ्लॅट बंद केला आणि कोल्हारला जायचं ठरवलं. टेम्पोत सामान चढल्यावर मी म्हणाले, “बाई, तुमच्यामुळे आमची पोरं बिनघोर गॅलरीत खेळतात.”

त्यांनी माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

“खेळू द्या,” म्हणाल्या. “सुमन गावात जमिनीवरच्या घरात राहत होती. तिला वर मी आणलं.”

आणि त्या ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या.