टेलच्या घरी आधी

लिंबाजी आमच्या वालूरचा केबलवाला. आता टीव्हीची केबल नावाला उरली, सगळा धंदा इंटरनेटचा. पण गावाच्या तोंडी तो केबलवालाच राहिला. पन्नाशीचा काटकुळा माणूस. मोटारसायकलला शिडी आडवी बांधून हिंडायचा आणि खांबावर चढला की खाली उभ्या असलेल्यांशी भांडायचा.

माझी त्याची ओळखही भांडणातूनच झाली. माझं घर त्याच्या दुकानाला लागून, आणि इंटरनेट मात्र गावात सगळ्यात शेवटी माझ्याकडं आलं. त्यानं पहिली वायर ओढली ती तीन किलोमीटरवरच्या मेंढपाळांच्या वस्तीवर. मी तावातावानं जाब विचारायला गेले.

"मॅडम, माझा बाप कालव्यावर पाटकरी व्हता," तो म्हणाला. "पाणी सुटलं की आधी टेलला, मंग वर वर. वरच्याला आधी देलं तर टेलला निस्ता चिखल जातो."

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. बापाचा हा कायदा लिंबाजीनं वायरीला लावला होता. तक्रार आली की आधी वस्तीवर जायचा, मग गावात. पाटील असो की सरपंच, नंबर उलटाच. लोक त्याला येडपट म्हणायचे, मीही म्हणायचे. मनातून मात्र तो मला आवडायचा. काही वर्षांपूर्वी इंटरनेट सगळ्यांना सारखं असावं की कंपन्यांना मोकळं रान द्यावं, यावर देशभर वाद चालला होता. तेव्हा मी शाळेत मास्तरीण होते. परिपाठाला मी याच विषयावर बोलले, आणि लिंबाजीचं उदाहरण दिलं होतं. टाळ्याही घेतल्या होत्या.

शाळेतली नोकरी सुटल्यावर मी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची ऑनलाइन शिकवणी सुरू केली, चार ते सहा. नेमकं त्याच वेळी गावातले सगळे फोन रिळांवर तुटून पडायचे. माझा आवाज तुटायचा, चित्र गोठायचं, मुलं कंटाळून निघून जायची. लिंबाजीच्या यंत्रात एक सोय होती: कुणाची वाट मोकळी ठेवायची आणि कुणाला मागं थांबवायचं, हे ठरवता यायचं. कंपनीच्या माणसानं ती त्याला शिकवली होती. त्यानं ती कधी वापरली नव्हती.

"चार ते सहा फक्त शिकवणीला वाट मोकळी करा," मी म्हणाले. "अभ्यास आणि रिळं एकाच मापानं मोजायची का, लिंबाजीभाऊ?"

"पाणी कापसाला चाललंय का उसाला, ते पाटकऱ्यानं बघायचं नसतंय मॅडम. आज अभ्यास म्हून अडवलं, तर उद्या कशापायी अडवीन?"

"दोन तासांनी काय आभाळ कोसळतंय?"

"सरकारचाबी नियम हाय म्हणत्यात. समद्याला सारखं."

"नियम दिल्लीत. वालूरला कोण बघायला येतंय?"

हे मी म्हणाले. टाळ्या घेणारी मी. तरी तो बधेना, तेव्हा मी शेवटचं काढलं: "तुमच्या लेकीला, राजेश्रीला, बारावीला मी घरी बसवून शिकवलं, त्याचं काहीच नाही का?"

केलेले उपकार बोलून दाखवण्याइतकं हलकं काम दुसरं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. कळूनही मी बोलले.

"चार ते सहा," तो म्हणाला. "पर हे बरं न्हाई."

महिनाभर शिकवणी झकास चालली. मी खूश होते.

वस्तीवरच्या मल्हारची मुलगी बबिता माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. प्रवेश परीक्षेच्या अर्जाची मुदत होती त्या दिवशी पाच वाजेपर्यंत. तिचा जातीचा दाखला सेलूहून मल्हारच्या हातात पडला दुपारी, आणि तो घरी पोचला चारला. वस्तीवर मोबाईलला रेंज नाही. जे काही होतं ते लिंबाजीच्या वायरीवर. घरात दोन फोन. एकावर ती अर्ज उघडत होती, दुसऱ्यावर माझी शिकवणी लावलेली. सव्वाचारला तिनं मला लिहिलं, "मॅडम, अर्जाची साईट उघडत नाही." मी वाचलं. मी तेव्हा रक्ताभिसरण शिकवत होते आणि रंगात आले होते. "नंतर बघू, आधी इकडं लक्ष दे," असं मी सगळ्यांदेखत म्हणाले. तिनं लिंबाजीलाही तसाच निरोप टाकला होता, पण तो मानवतला खांबावर होता. पाच वाजले. अर्ज गेला नाही. पोरीचं वर्ष गेलं.

मला सहाला कळलं. लिंबाजीला मीच सांगितलं. त्यानं आधी ती सोय बंद केली, मग शिडीसकट मोटारसायकल काढली. मी मागं बसले. आता जाऊन सगळं कबूल करायचं, असं वाटभर घोकत होते.

मल्हार दारात बसला होता. बबिता आत रडत होती, बाहेर आवाज येत होता.

"मल्हारबा, चूक माजी हाय," लिंबाजी म्हणाला. "मी यंत्रात नको ती कळ फिरवली. तुमच्या वायरीला मागं टाकलं."

मी तोंड उघडलं. "थांबा मॅडम," तो म्हणाला, आणि मी थांबले. मल्हारनं एक शिवी दिली नाही. आत जाऊन त्यानं भिंतीवरचा इंटरनेटचा डबा उपटला आणि लिंबाजीच्या हातात दिला.

परतताना लिंबाजी म्हणाला, "तुमचं नाव निघालं असतं तर पोरगी शिकवणी सोडती. माज्यावाचून तिचं चालंल, तुमच्यावाचून न्हाई." मला तेव्हा हायसं वाटलं. त्याचीच मला आज लाज वाटते.

आता वस्तीवरच्या एकाही घरात लिंबाजीची वायर नाही. बबिता रोज चालत माझ्या घरी शिकायला येते आणि त्याच्या दुकानावरून जाताना मान फिरवते. तो हातातलं काम खाली ठेवून, ती जाईपर्यंत खाली बघत राहतो. हे मी खिडकीतून पाहते.

परवा वही काढता काढता ती म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी समदं अडकलं व्हतं बघा. तुमी तेवढ्या एकदम साफ दिसत व्हत्या."

मी म्हणाले, "पुस्तक उघड."