दोन खेपांचं हरीण

परदेशात, कॉर्क शहरातल्या ज्या औषध कारखान्यात मी काम करते, तिथे आमच्या लाइनची यंत्रं सांभाळणारे फिटर साठी ओलांडलेले आहेत. समोर मी त्यांना इथल्या पद्धतीने नावानेच हाक मारते, पण घरी विषय निघाला की आम्ही त्यांना फिटरकाका म्हणतो. त्यांच्याशी इंग्रजीत बोलतानाही माझ्या मनात ते कायम 'तुम्ही'च असतात. थंडीत ते डोंगरात हरणाच्या शिकारीला जातात. आपल्याकडे हरणाला हात लावला तर तुरुंग. इथे हरणं इतकी वाढली आहेत की नव्याने लावलेली झाडं जगू देत नाहीत, म्हणून परवाना काढून, जमीनमालकाला विचारून, ठरावीक महिन्यांत ती मारता येतात.

एकदा त्यांनी मला मांसाचा तुकडा दिला. मी कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून त्याचा रस्सा केला आणि डबाभर त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो कँटीनमध्ये उभ्याउभ्या संपवला.

"ग्रँड," ते म्हणाले, म्हणजे छान. "पण खायला आवडतं, तर एकदा वाहायलाही ये. मारायला पाच मिनिटं लागतात. बाकीचा दिवस हमालीचा असतो."

पूर्वी त्यांचा भाऊ सोबत असायचा. तो मुलीकडे कासलबारला राहायला गेल्यापासून ते एकटेच जात. मी हो म्हटलं. कॉलेजात सह्याद्री पालथा घातला होता, पाय अजून शाबूत होते. नवरा म्हणाला, "टेस्कोतून बटाटे आणायचे तर तू गाडी मागतेस." त्याचंही खरं होतं.

जानेवारीतला शनिवार होता. उजाडता उजाडता आम्ही एका शेताच्या फाटकापाशी गाडी लावली आणि चालू लागलो. आधी सरळसोट झाडांचं लावलेलं जंगल, मग झाडं तोडून नेलेला उतार, नुसती खोडं आणि फांद्यांचा कचरा, आणि त्यापुढे बॉग. बॉग म्हणजे पाण्याने फुगलेली काळी जमीन. वरून गवताचे झुबके दिसतात, खाली काय आहे ते पाय टाकल्यावर कळतं. चार किलोमीटरला आम्हाला दोन तास लागले.

हरीण एका ओढ्यापलीकडच्या वाटीसारख्या जागेत चरत होतं. लहान चणीची मादी. काकांनी तीन पायांच्या काठीवर रायफल टेकवली. मी डोळे मिटायचे नाहीत असं ठरवून आले होते, तरी मिटलेच. उघडले तेव्हा ती आडवी झाली होती, आणि ओढ्याचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला होता.

जवळ जाऊन काकांनी आधी रायफल रिकामी केली, मग टोपी काढून थोडा वेळ नुसते उभे राहिले. त्यानंतरचं काम त्यांनी यंत्र उघडावं तसं केलं. पोट फाडून आतलं सगळं बाहेर काढलं, कलेजी हातात घेऊन उलटसुलट बघितली, म्हणाले, "निरोगी होती." डोकं आणि गुडघ्याखालचे पाय वेगळे केले, मग शेवटच्या बरगडीमागून धड मधोमध कापलं. दोन भाग दोन सुती पिशव्यांत घातले. एक त्यांच्या पाठीवरच्या सॅकमध्ये, एक माझ्या. मी माझी उचलून पाहिली. एशियन दुकानात मिळतं ते दहा किलो तांदळाचं पोतं, त्याच्या दीडपट वजन असावं. जमेल असं वाटलं.

ओढा ओलांडताना काकांचा पाय ओल्या दगडावरून सटकला. मला फक्त पाण्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर ते कमरेपर्यंत पाण्यात बसले होते आणि उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरला होता. मी त्यांना काठावर ओढलं. गुडघा बघता बघता सुजला. फोनला रेंज नव्हती, ती फाटकापर्यंत नसतेच.

काठीवर भार देऊन ते उभे राहू शकत होते. दहा पावलं चालून दाखवली. तोंडाचा रंग उडाला, पण चालले.

"मांस इथेच सोड," ते म्हणाले. "रात्रीत कोल्हे खातील. आपण दोघं बाहेर पडू."

हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सॅककडे पाहत होते. पडलेलं जनावर मागे ठेवायचं नाही हा त्यांचा नियम मी कँटीनमध्ये कितीदा ऐकला होता.

"तुम्ही पुढे चालत राहा," मी म्हटलं. "हळूहळू. मी एक पिशवी पुढे नेऊन ठेवते, परत येऊन दुसरी नेते. तुमच्या वेगाने जायचं तर मला तेवढा वेळ आहेच."

"म्हणजे तू तिप्पट चालणार."

"हो."

"आणि मला जमलं नाही तर?"

"तर दोन्ही टाकून देते आणि पळत जाऊन माणसं आणते. पण ते तेव्हा बघू."

त्यांनी काठी नीट धरली. "रायफल मात्र मीच नेणार," म्हणाले. "परवाना माझा आहे." रिकामी रायफल खांद्याला लावून ते निघाले.

पहिल्या खेपेला मी हावरटपणा केला. दम टिकेल तोवर जायचं ठरवून खूप लांब गेले, पिशवी ठेवली, दुसरीसाठी परत आले, तर ती सापडेना. सगळे झुबके सारखे, सगळा चढ सारखा. पाव तास मी त्याच जागेभोवती फिरत होते. सापडली तेव्हा मी तिला एक थापड मारली. मग कारखान्यातलं पिवळं जॅकेट, जे मी सवयीने सॅकमध्ये ठेवते, त्याची एक बाही फाडून दोन पट्ट्या केल्या आणि प्रत्येक पिशवीला एक बांधली. आणि ठरवलं की दीडशे पावलांपलीकडे जायचं नाही. दीडशे मोजायची, ठेवायची, रिकाम्या पाठीने परत यायचं, दुसरी उचलायची. रिकामी पाठ हीच विश्रांती.

काका मधल्या मधल्या जागी दिसत. मी त्यांना मागे टाकायचे, मग परत जाताना भेटायचे, मग पुन्हा मागे टाकायचे. प्रत्येक भेटीत ते एकच विचारत, "बरी आहेस?" आणि मी म्हणे, "ग्रँड." तिथे तो शब्द मला पहिल्यांदा नीट कळला. ग्रँड म्हणजे छान नाही. ग्रँड म्हणजे अजून उभी आहे.

बॉगच्या मध्यावर मी वळसा वाचवायला म्हणून एका हिरव्यागार पट्ट्यावर पाय टाकला आणि मांडीपर्यंत आत गेले. दुसरा पाय रोवून वर यायला गेले तर तोही गेला. पाठीवरचं वजन मला खाली दाबत होतं. मागून काकांचा आवाज आला, मोठा पण शांत.

"उभी राहू नकोस. पिशवी काढ. पुढे टाक. आता तिच्यावर आडवी हो."

मी आडवी झाले. जिच्यासाठी मी इथवर आले होते तिच्यावरच छाती टेकून, कोपरांनी सरपटत, मी एकेक पाय बाहेर काढला. डावा बूट आत राहिला. हात खांद्यापर्यंत घालून तोही काढला. मग झुबक्यावर बसून रडले. दुखत नव्हतं. राग आला होता, चिखलाचा, काकांच्या गुडघ्याचा, आणि त्या रश्श्याचा डबा नेऊन देणाऱ्या माझा. काका लंगडत जवळ आले आणि थर्मासमधला चहा पुढे केला. पिऊन झाल्यावर मी विचारलं, "किती राहिलं?"

"अर्ध्यापेक्षा कमी."

ते खोटं बोलत होते हे दोघांनाही माहीत होतं. मी बुटातलं पाणी ओतलं आणि दुसऱ्या पिशवीसाठी मागे वळले.

तोडलेल्या झाडांच्या उतारावर मोजणं दीडशेवरून साठवर आलं, मग चाळीसवर. खांद्यांवर पट्टे जिथे रुतत तिथे मी हातमोजे दुमडून घातले. जंगलातली वाट लागली तेव्हा चार वाजले असावेत, उजेड कमी व्हायला लागला होता. फाटक तीनशे पावलांवर दिसत असताना समोरून चार चाकांची क्वाड बाइक आली. ज्याची जमीन, तो शेतकरी. आमची गाडी अजून फाटकापाशीच आहे हे बघून निघाला होता.

"दोघांनाही आणि पिशव्याही नेतो," तो म्हणाला. "बसा."

"यांना न्या," मी म्हटलं. "पिशव्या मी आणते."

त्याने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "ऐक तिचं." ते क्वाडवर मागे बसले, पाय लांब करून.

आज विचार केला तर तो निव्वळ हट्ट होता. तीनशे पावलांनी कुणाचं काय बिघडणार होतं? पण त्या वेळी त्या दोन पिशव्या दुसऱ्या कुणाच्या हाती देणं मला शक्यच नव्हतं. दोन खेपा केल्या. दुसरी पिशवी गाडीच्या डिकीत ठेवली तेव्हा हात वर करता येईनात. शेतकऱ्याने डिकी लावली.

गाडी मी चालवली. काका वाटेत दोनदा झोपले.

गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता. काकांचं पुढे ऑपरेशन करावं लागलं आणि महिनोन्महिने ते कामावर नव्हते. सोमवारी मला प्रेसमधला, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटातला, वरच्या फळीवरचा कप काढता आला नाही, लेकीने काढून दिला. मांस आठवडाभर काकांच्या थंड शेडमध्ये टांगलं होतं. पुढच्या रविवारी ते पाय स्टुलावर ठेवून बसले आणि सुरी कुठून कशी चालवायची ते सांगत राहिले. मी आणि नवऱ्याने तुकडे केले. नवऱ्याचा एकही तुकडा त्यांच्या पसंतीला उतरला नाही.

त्या रात्री घरी जेवताना लेकीने सगळं पहिल्यापासून विचारून घेतलं. मी मराठीत सांगत होते, ती तिच्या कॉर्की इंग्रजीत मध्ये मध्ये प्रश्न करत होती. बॉगचा भाग तिने दोनदा ऐकला.

"पण तू सोडून का नाही दिलंस?" असं तिने शेवटी विचारलं. मी म्हटलं, त्याचं उत्तर मला तिथेही नीट सापडलं नव्हतं, कारण पुढची दीडशे पावलं मोजायची होती.

काका आता चालतात, पण डोंगरावर नाही. या हिवाळ्यात त्यांचा पुतण्या शिकारीला गेला. सोबत वाहायला मी गेले.