मावशींचं ओलं फडकं

मावशी आमच्या शाळेत बावीस वर्षं झाडलोट करत होत्या. मी तिथं पहिलीला शिकवतो. शाळेच्या कुंपणामागे तळं आणि तळ्याच्या पलीकडच्या काठाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारा कारखाना. वर्गात रोज राखाडी पूड साचायची आणि मावशी ती सकाळ-संध्याकाळ झाडून काढायच्या. त्यांनी झाडलेल्या फरशीवर ताटाशिवाय जेवावं, असं आम्ही म्हणायचो. मावशींना ते ऐकायला आवडायचं.

एका वर्षी तळ्यात मासे मरून तरंगले, कुणीतरी तक्रार केली आणि आरोग्य खात्याची माणसं शाळेत आली. मुलांच्या बोटांतून रक्ताचे थेंब घेऊन गेली. पंधरा दिवसांनी आकडे आले. शिसं बहुतेकांच्याच रक्तात होतं. पण बालवर्गात सगळ्यांत जास्त निघालं ते मावशींच्या नातीच्या. चौतीस; पाचाच्या वर गेलं तरी काळजी.

"मशीन बिघडलंय तुमचं," मावशी आकडे घेऊन आलेल्या नर्सबाईंना म्हणाल्या. "पोर तळ्याकडे फिरकत नाही. आणि माझं घर येऊन बघा, आरसा आहे आरसा."

नर्सबाई खरंच गेल्या. मीही सोबत होतो. दोन खोल्यांत मावशी, मुलगी, जावई आणि नात. जावई त्याच कारखान्यात भट्टीवर होता. दारामागच्या खुंटीवर त्याचे कामाचे कपडे आणि बरोबर त्याखाली नातीच्या खेळण्यांची टोपली. नर्सबाईंनी ओल्या कागदाने टोपलीची कड पुसली. कागद राखाडी झाला.

"मावशी, तुम्ही झाडता तेव्हा बारीक पूड उडते आणि घटकाभराने पुन्हा खाली बसते. खेळण्यांवर, पोरीच्या हातांवर. हात तोंडात गेला की पोटात. झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा."

मावशींनी टोपली खुंटीखालून ओढून घेतली. "म्हणजे इतकी वर्षं मी पोरांना हेच चारत होते?"

"चारलं कारखान्याने. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

"मग औषध द्या काहीतरी."

"एवढ्या आकड्याला औषध देत नाहीत. पूड घरात येऊ देऊ नका. पोरीला पोटभर जेवू घाला, दूध द्या, पालेभाजी द्या. आकडा उतरेल, पण हळूहळू."

मावशी दोन दिवस शाळेत आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या दोन बादल्या घेऊन. एकीत साबणाचं पाणी, दुसरी फडकं पिळायला. सातही वर्ग त्यांनी गुडघ्यांवर बसून पुसले आणि बूट घालून आत आलेल्या मुख्याध्यापकांनाही परत पायरीवर पाठवलं.

खरी पंचाईत घरी होती. कपडे बाहेर उतरवा, हे सासूने जावयाला सांगायचं कसं? मुलगी म्हणे, "आई, तूच सांग." शेवटी एका संध्याकाळी मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"जावईबापू, राग मानू नका. मागे नळापाशी पडदा लावलाय. अंघोळ करून, घरचे कपडे घालूनच आत या."

"आज अंघोळ, उद्या चाळणीतून गाळून घ्याल मला!" जावई तडकला. "नोकरी करतो मी, चोऱ्या नाही." आला तसा पाय आपटत निघून गेला.

तासाभराने तो परतला तेव्हा नात "बाबा!" म्हणत धावत सुटली. रोज तिला उचलणाऱ्या त्या माणसाने दोन्ही हात पाठीमागे नेले. "थांब गं राणी, हात नको लावूस," म्हणाला आणि मुकाट्याने पडद्यामागे गेला.

पुढे त्यानेच भट्टीवरच्या सोबत्यांना गोळा करून आरोग्य खात्यात नेलं. अधिकाऱ्यांनी सभा बोलावली. कारखाना बंद करा की चालू ठेवा, यावर हमरीतुमरी झाली, कारण निम्म्या घरांची चूल त्याच्यावर पेटत होती. मावशी उठल्या. माइक त्यांनी उलटाच धरला होता, पण आवाज पोचला.

"मला जावयाचा पगारही हवाय आणि नातही हवीय. यात अवघड काय आहे, ते मालकांनी उठून सांगावं."

अधिकाऱ्यांनी सुधारणा होईपर्यंत कारखाना बंद ठेवायचा आदेश काढला.

कारखाना पाच महिने बंद राहिला. दिवस ओढाताणीचे गेले. जावयाने मिळेल तिथे रंगकाम केलं. पुन्हा सुरू झाला तेव्हा आत न्हाणीघरं होती, कामाचे कपडे तिथेच धुतले जात होते आणि तळ्यात येणारा नाला बुजवलेला होता. भट्टीच्या धुरांड्यालाही गाळणी बसली होती. मग तळ्यातला गाळ काढणारी यंत्रं आली.

नातीचा आकडा सत्तावीस झाला, मग एकोणीस. दोन वर्षांनी बारा. नर्सबाई म्हणाल्या, अजून उतरायला हवा. शिशामुळे अक्षरं तिला उशिरा कळतात. शाळा सुटल्यावर ती तासभर माझ्यापाशी बसते. परवा तिने अख्खी ओळ न अडखळता वाचली आणि मावशींनी पुसता पुसता ती पुन्हा वाचायला लावली.

आता आजूबाजूच्या शाळा मावशींना ओल्या फडक्याने पुसायचं कसं ते शिकवायला बोलावतात. मध्ये एकदा त्यांनी गाळ काढणाऱ्या इंजिनिअरला विचारलं, तळं कधी निवळणार?

"सात-आठ वर्षं लागतील, मावशी."

"लागू देत. पण काम अर्धवट सोडून पळालात, तर गाठ माझ्याशी आहे."