साहेबांचा डावा बूट

जपानमधल्या एका देवळात मी एका भल्या माणसाचा बूट लपवला. त्याच्या चांगल्यासाठीच लपवला.

माझा प्रकाश तेव्हा सुरतहून जपानला नव्या यंत्रमागांचं काम शिकायला गेला होता. सून विमानाला घाबरते, म्हणून त्याने मला फिरायला बोलावलं. (मी कशाला घाबरते, हे कुणी विचारलं नाही!) एका रविवारी त्याचे तनाकासाहेब आम्हाला किल्ला आणि देऊळ दाखवायला घेऊन गेले. सुरतच्या कारखान्यात प्रकाशला मुख्य मिस्त्री करायचं की नाही, हे याच साहेबांच्या हातात.

"माय, आज काही घोळ घालू नकोस."

"मी कधी घातला?"

तो गाडीच्या खिडकीबाहेर बघायला लागला.

किल्ल्यात चपला पिशवीत घालून हातात धरायच्या. जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच! एका हातात पिशवी, एका हातात लुगडं, कठडा धरायला तिसरा हात कुठून आणू? एवढं चढून वर काय, तर वारा!

देवळाबाहेर मात्र नुसतं उघडं फडताळ. राखणदार नाही, बिल्ला नाही! सुरतेत आमच्या लिंबायतला देवळात जाताना एक चप्पल इथे काढायची, दुसरी पार तिकडे. जोड फुटला की चोर हात लावत नाही. (एका पायाचा चोर मी अजून पाहिलेला नाही.) ते दोघे आत गेल्यावर मी माझ्या चपला तशाच लांब-लांब ठेवल्या. मग साहेबांचे बूट दिसले. आरशासारखे! हे गेले तर? डावा उचलला आणि बाहेर वाटेवरच्या एका कमरेएवढ्या दगडी दिव्यामागे ठेवून आले.

दर्शन झालं. साहेब एक बूट घालून उभे.

"माय?" प्रकाशचा आवाज चिरका झाला.

"जपून ठेवलाय. दिव्यामागे."

त्याने मान वळवली. वाटेच्या दोन्ही बाजूंना, पार टेकडीपर्यंत दगडी दिवेच दिवे. सगळे सारखे!

मग काय! साहेब लंगडत एकेका दिव्यामागे वाकतायत, प्रकाश रांगतोय, दोन भिक्षू झुडपं चाळतायत, शाळेच्या पोरी खिदळत शोधतायत.

"झालो मी मुख्य मिस्त्री!" प्रकाश दातओठ खात म्हणाला.

"तू आधी शोध."

तेवढ्यात झाडणाऱ्या म्हातारीने माझा पदर ओढला. आम्ही टेकडीकडे धावलो तेव्हा बूट तिला पहिल्याच दिव्यामागे मिळाला होता. तिने तो पायरीवर ठेवला होता, टोक रस्त्याकडे करून. शेजारी माझ्या दोन्ही चपला, जुळवून, तशाच!

प्रकाशने घाम पुसत साहेबांना सगळं सांगितलं. साहेब हसून हसून पायरीवर बसले. म्हणाले, "तुझ्या घरात वस्तूची एवढी काळजी घेतात? मग माझी मशीनं तूच सांभाळ." प्रकाश मुख्य मिस्त्री झाला. श्रेय अर्थातच त्याच्या हुशारीला मिळालं.

सुरतला आल्यावर मी म्हटलं, आपणही सुधारावं. लिंबायतच्या देवळात दोन्ही चपला शेजारी-शेजारी काढल्या, टोकं रस्त्याकडे, अगदी जपानसारख्या.

घरी अनवाणी आले. चोराला पाय वळवायचीसुद्धा तसदी पडली नसेल!