चुकलेल्या बागेतला चहा

तेव्हा पेट्रोल इतकं महागलं होतं, की पिंप्राळ्यात मी उतार दिसला की स्कूटर बंद करायचो. त्यातच यावलकडे वादळ झालं आणि केळीचे बाग आडवे झाले. आमच्याकडे बाग पडला की घरातलं माणूस गेल्यासारखं भेटायला जातात. मीही मित्राच्या काकांना भेटायला निघालो. त्यांना मी कधी पाहिलेलं नव्हतं, पण अशा गोष्टींनी मी थांबत नसे.

बांधावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसले होते. मागे घडांसकट झोपलेली केळी. मी मित्राचं नाव सांगितलं, त्यांचा हात धरला आणि धीराचं लांबलचक भाषण केलं. ते मान खाली घालून, बोटाने मातीत रेघा ओढत ऐकत राहिले. मग तीन दगडांवर चहा ठेवला.

"काळजी नको, काका. तुमचा पुतण्या आहे, आम्ही त्याचे मित्र आहोत ना."

"मले पुतण्या नाही, भाऊ," ते हळूच म्हणाले. "तुमच्या काकांचा बाग पुढे, विहिरीपाशी."

"मग आधीच सांगायचं ना!"

"पेट्रोल महाग, पावणे लांबचे. माह्याकडे कोनीच आलं नाही. तुम्ही इतकं चांगलं बोलत होते, मधी कशाले थांबवू?"

मी ओशाळून उठू लागलो, तर त्यांनी कप पुन्हा भरला. "तिकडे लय माणसं हायेत. बसा घडीभर."

मी बसलो. या वेळी भाषण केलं नाही, फक्त विचारलं, "घड कापणीला आले होते का?"

मग ते बोलू लागले, आणि माझा चहा गार होत गेला.