तिसऱ्या भागाचा राक्षस

गेली एकतीस वर्षं मी लाईटवर एक खोटा आळ घेऊन बसलो आहे. तसं रत्नागिरीत लाईटवर खरे आळ घ्यायलाही भरपूर वाव आहे, त्यामुळे माझा एक खोटा त्यात सहज खपून गेला. निदान मला तसं वाटत होतं.

बाबा बोटीवर होते. बोटीवरची माणसं घरी येताना साबण, सेंट आणि चॉकलेटं आणतात. आमच्या बाबांनी एका खेपेला व्हिडिओ गेम आणला आणि सोबत तीन कॅसेटी. एकाच गेमचे तीन भाग. लाल चड्डीचा आणि हिरव्या चड्डीचा असे दोन वीर तलवारी घेऊन धावतात, खड्ड्यांवरून उड्या मारतात, आणि भागाच्या शेवटी राक्षसाला मारतात. (कथा एवढीच. पण पुढे आयुष्यात याहून चांगली कथा मला फारशी भेटली नाही.) लाल वीर माझी ताई, वय चौदा. हिरवा मी, वय नऊ. ताई राक्षसाला भिडायची आणि मी पहिल्या खड्ड्यात पडायचो.

पण त्या गेममध्ये एक सोय होती. आपल्या लाईफ संपल्या की दुसऱ्याची एक घेता यायची. बटण दाबलं की झालं, विचारावंसुद्धा लागत नसे. तरी मी विचारायचो. "ताई, एक लाईफ दे ना." ती पडद्यावरची नजर न काढता म्हणायची, "घे." पहिला आणि दुसरा भाग मी असा निव्वळ उधारीवर जगून पार केला.

दर राक्षसाआधी ताई गेम थांबवून गाऱ्हाणं घालायची. गावाला शिमग्यात पालखीपुढे मानकरी घालतात तसं, अगदी त्याच आवाजात. "बा देवा म्हाराजा, आज ही तुजी दोन लेकरां राकीसापुढं हुबी हायत. बटनात काय खोट आसंल, पिनीत काय धूळ आसंल, ती दूर कर म्हाराजा." यावर मी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बायकांनी गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही, त्यामुळे आई स्वयंपाकघरातून ओरडायची. एकदा ताई गेम थांबवायला विसरली आणि मी हात जोडण्यासाठी रिमोट खाली ठेवला. देवाच्या नावानं मेलेला तो जगातला एकमेव हिरवा वीर असावा.

तर तो दिवस. रविवार, दुपारचे बारा, तिसऱ्या भागाचा शेवटचा राक्षस. इथपर्यंत आम्ही पहिल्यांदाच पोचलो होतो, आणि त्या गेममध्ये मध्येच थांबून उद्या पुढे खेळायची भानगड नव्हती. बंद केला की सगळं पहिल्यापासून. गाऱ्हाणं झालं. मी तिसऱ्या सेकंदाला मेलो आणि म्हणालो, "ताई, एक लाईफ दे."

ताई म्हणाली, "नाही. एकच उरलीय."

आयुष्यात पहिल्यांदा ती नाही म्हणाली होती. मी भिंतीला टेकून फुरंगटून बसलो. नेमकं त्याच वेळी आईनं आतून हाक मारली, "बाळ्या, मिक्सरचा प्लग काढ रे, जळका वास येतोय." स्वयंपाकघरातला प्लगपॉइंट बिघडल्यामुळे मिक्सरची वायर बाहेरच्या बोर्डावर आली होती. बोर्डावर दोन काळे प्लग शेजारी शेजारी, एक मिक्सरचा आणि एक गेमचा. मी एक उपटला. टीव्हीवर मुंग्या आल्या.

ताईनं वळून बघायच्या आत मी म्हणालो, "लाईट गेली."

ताईनं वर एकदा बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि ती जेवायला उठली. त्यानंतर पहिला आणि दुसरा भाग आम्ही शेकडो वेळा खेळलो, पण तिसरी कॅसेट तिनं पुन्हा लावली नाही. प्लग मी चुकून काढला, असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता खरं काय ते मलाही ठाऊक नाही.

ताई लग्न होऊन खेडला गेली आणि गेम सोबत घेऊन गेली. (हुंड्यात व्हिडिओ गेम नेणारी रत्नागिरी जिल्ह्यातली ती पहिलीच नवरी असेल.) आम्ही मोठे झालो, म्हणजे ती झाली. बाबा गेले. आणि मागच्या वर्षी ताई आजारी पडली. इस्पितळात एका संध्याकाळी मी तिचे पाय चेपत होतो. ती म्हणाली, "बाळ्या, तिसऱ्याचं शेवटचं राहिलं रे आपलं." मी हसलो आणि म्हटलं, घरी ये, मग करू. ती घरी आली नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर भावोजी एक पिशवी घेऊन आले. टॉवेलात गुंडाळलेला गेम आणि तीन कॅसेटी. ताईनं खेडच्या बाजारातून त्याचा अडॅप्टरसुद्धा नवा करून घेतला होता. भाऊबीजेला इकडे घेऊन यायचा तिचा विचार होता, असं सांगून भावोजी टॉवेलाची घडी घालत बसले. मी चहा टाकायला म्हणून आत गेलो आणि साखर दोनदा टाकली.

मी ठरवलं, ताईचा तिसरा भाग पुरा करायचा. ठरवायला काय जातं! नव्या टीव्हीला ती पिवळी पिन घुसेल असं भोकच नव्हतं. दुकानात गेलो तर दुकानदारानं पिन उलटसुलट करून बघितली आणि ही तुमच्या वडिलांची का, असं विचारलं. म्हटलं, हो, खरंच वडिलांची. शेवटी जुनी पिन नव्या टीव्हीला जोडायची एक डबी मिळाली आणि ती लावल्यावर लाल आणि हिरवा वीर पडद्यावर उभे राहिले, थोडे आडवे सुटलेले, माझ्यासारखेच.

पहिल्या रविवारी मी पहिल्याच खड्ड्यात सगळ्या लाईफ घालवल्या. सवयीनं बटण दाबलं. लाल वीराला कोणीच खेळवत नव्हतं, तो कधीच मेला होता. घ्यायला एकही लाईफ नव्हती. मी तरी ते बटण दाबत राहिलो.

आई मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. ताई गेल्यापासून आई फारशी बोलतच नव्हती. पिशवी आली त्या दिवशी तिनं पिशवीकडे बघितलंही नव्हतं. ती खाली बसली आणि म्हणाली, "तो लाल इकडं दे."

आईला मी दोन बटणं शिकवली, पुढे जायचं आणि खाली बसायचं. तलवार चालवायला तिनं साफ नकार दिला. तिचा लाल वीर कोपऱ्यात दबा धरून बसायचा, सगळे बाण डोक्यावरून जायचे, आणि कोणी जवळ नाही असं बघून तो बाजाराला निघाल्यासारखा सावकाश पुढे यायचा. मी मात्र लढून लढून मरायचो आणि आईच्या लाईफ घ्यायचो. तिला त्याचं काही वाटत नसे. असे सहा रविवार गेले, आणि सातव्या रविवारी दुपारी चार वाजता आम्ही मायलेक तिसऱ्या भागाच्या शेवटच्या राक्षसासमोर उभे राहिलो.

मी गेम थांबवला. गाऱ्हाणं घालावं असं मनात होतं, पण ते काम नेहमी ताईचं, मला फक्त "व्हय म्हाराजा" येत होतं. तेव्हा आईनं पदर सारखा केला आणि सुरुवात केली. मुलीला त्यासाठी ओरडणारी हीच ती आई.

"बा देवा म्हाराजा, माज्या लेकीचं एक काम अर्धं ऱ्हायलंय. तिला तू न्हेलीस, तुज्याशी आता काय भांडू. पन ह्या येड्याच्या हातून तेवडं पुरं करून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो, रिमोट न सोडता.

राक्षस तोंडातून आग टाकत आला. मी उडी मारली, घाव घातला, पुन्हा उडी मारली. त्याची ताकद दाखवणारी पट्टी निम्म्यावर आली, मग पाववर, मग नखाएवढी उरली. मी शेवटची उडी मारली आणि टीव्ही काळा झाला.

मी आधी बोर्डाकडे बघितलं. प्लग जागेवर होता. आईनं वर बघितलं. पंखा हळू होत होत थांबला.

"आज खरीच गेली," आई म्हणाली.

माझ्या हातातला रिमोट खाली पडला. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मेल्या, पंखा गरागरा फिरत व्हता."

"आणि ताईला?"

"तिनंच मला दाखवला. म्हनाली, त्याला काय बोलू नको आई, मीच त्याला लाईफ दिली न्हाय." आईनं खाली पडलेला रिमोट उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "त्यानंतर कॅसेट लावली न्हाय ती तेवड्यासाठीच. बाळ्या आपनहून सांगंल, मग दोघं मिळून पुरं करू, म्हनायची. वाट बघत ऱ्हायली पोर."

एकतीस वर्षं. मी एका पंख्याच्या साक्षीनं खोटं बोललो, आणि ती शेवटपर्यंत मी तोंड उघडायची वाट बघत राहिली. अडॅप्टर नवा करून ती भाऊबीजेला तेच ऐकायला येणार होती. मी रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो, चाळिशी गाठलेला माणूस, हिरव्या चड्डीच्या वीराचा रिमोट मांडीवर घेऊन. आई पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि तिचेही डोळे गळत होते.

"ताई, मी प्लग काढला होता," मी मोठ्यानं म्हणालो.

तेवढ्यात लाईट आली. पंखा फिरायला लागला आणि टीव्हीवर दोघे वीर पुन्हा पहिल्या पडद्यावर उभे. सगळं पहिल्यापासून. आईनं लाल रिमोट उचलला. मी डोळे पुसले, पुढे धावलो, आणि पहिल्याच खड्ड्यात पडलो. तसाच एकामागून एक पडत राहिलो, माझ्या सगळ्या लाईफ संपेपर्यंत.

"एक लाईफ दे ना," मी म्हणालो.

"घे," पडद्यावरची नजर न काढता आई म्हणाली. "पन बोर्डापासनं लांब बस."