अर्ज कोणाच्या नावे करावा

यमनमधल्या एका जिहादी संघटनेच्या शाखेचा प्रमुख कोण, आणि त्याच्या शब्दावर एक माणूस सुटू शकेल काय, एवढाच प्रश्न मी सोडवायला घेतला होता. त्यातला पहिला अर्धा मला सोडवता आला.

मस्कतच्या वादी कबीर भागातल्या एका भारतीय शाळेत मी सामाजिक शास्त्रे शिकवत असे. आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक मुसलमान कुटुंब राहत होते. नवरा लाँचच्या इंजिनांचा मिस्त्री, मुलगी सहावीत, माझ्याच वर्गात. २०१५ साली तो चार दिवसांच्या दुरुस्तीसाठी यमनच्या एका बंदरात गेला आणि तो तिथे असतानाच त्या शाखेने शहर ताब्यात घेतले. बंदरात सापडलेल्या परक्या माणसांना हेर समजून एका गोदामात कोंडण्यात आले. वकिलातीत आम्ही अर्ज दिला. पण त्या शहरात तेव्हा कोणत्याच सरकारचे काही चालत नव्हते.

काही आठवड्यांनी, त्याला तिथे पोहोचवून परतलेल्या लाँचचा तांडेल, म्हणजे कप्तान, निरोप घेऊन आला. गोदामावरच्या पहारेकऱ्यांचा नायक तिथल्या एका टोळीच्या म्हाताऱ्या शेखच्या नात्यातला होता. हा माणूस मिस्त्री आहे, मुलाबाळांचा आहे, असे घरच्यांचे अरबीत पत्र आणले, तर शेख ते स्वतः नेऊन देणार होता. लाँच आठ दिवसांनी परत जायची होती.

आमच्या इमारतीत कोणालाही अर्ज लिहायचा असला, की तो माझ्याकडे येई. व्हिसाचा असो, रजेचा असो, मी आधी एकच विचारत असे: कोणाच्या नावे? ज्याला अधिकार आहे त्याच्या हुद्द्यावर न केलेला अर्ज परत येतो, हे मी मुलांनाही शिकवत आलो होतो. म्हणून पत्र लिहिण्याआधी मी वर्तमानपत्रे गोळा करून एक तक्ता आखला. सर्वांत वर शाखेचा प्रमुख, त्याखाली उपप्रमुख, मग लष्करी बाजू पाहणारा, न्यायनिवाडा करणारा, शेवटी त्या शहरापुरता नेमलेला अमीर. वरच्या चौकटी भरल्या. खालच्या रिकाम्या राहिल्या, त्यामुळे पत्र प्रमुखाच्याच नावे करायचे मी ठरवले. शाळेतल्या अरबीच्या शिक्षिकेने भाषांतरही करून दिले.

सातव्या दिवशी बातमी आली, की तो प्रमुख ड्रोनच्या हल्ल्यात मारला गेला. नव्याचे नाव जाहीर झाले नव्हते.

संध्याकाळी मिस्त्रीची बायको आणि तिचा दीर वर आले. दीर वर्कशॉपमधून तसाच आला होता, हाताला ग्रीस.

"पत्र द्या सर, तांडेल पहाटे निघतोय," तो म्हणाला.

मी म्हणालो, "मेलेल्या माणसाच्या नावाचे पत्र घेऊन गेलात, तर घात होईल. नवा प्रमुख येऊ द्या. नवा माणूस आला, की जुने निर्णय पुन्हा तपासले जातात. ती संधी असते."

"मास्तर, ती काय शाळा हाय? नवा हेडमास्तर येणार आणि तुमच्या पत्रावर शिक्का मारणार?"

"मग नाव कोणाचे घालू?"

"नाव नका घालू. शेख नेऊन देणार हाय ना? खलास!"

"बिननावाच्या अर्जाला किंमत नसते."

वहिनी दिराला म्हणाल्या, "तू गप. सर शिकलेले हायत. सर, तुमी सांगाल तसं. थांबायचं का?"

मी त्या तक्त्याकडे पाहिले आणि म्हणालो, "थांबा."

"तुमी सांगताय म्हणजे बरोबरच असंल," त्या म्हणाल्या. दीर जिना उतरला. लाँच पत्राशिवाय गेली.

पुढे उत्तराधिकाऱ्याचे नाव जाहीर झाले. मी ते दोन वर्तमानपत्रांतून ताडून पाहिले, पत्र नव्याने उतरवून घेतले आणि तांडेलच्या पुढच्या फेरीला त्याच्या हाती दिले. त्याने ते तसेच परत आणले. वरच्या बदलाबरोबर त्या शहरातले पहारेही बदलले होते. जुन्या नायकाने जाण्याच्या दिवशी गोदामातली काही माणसे सोडून दिली; ज्यांच्यासाठी कोणी काही लिहून पाठवले होते, ती. कागदावर कोणाचे नाव आहे, हे त्याने पाहिलेदेखील नाही. शेख त्या सकाळी गोदामाच्या दारात मिस्त्रीच्या पत्राची वाट पाहत उभा होता. उरलेल्यांना ट्रकमधून आतल्या डोंगराळ भागात नेले. त्यानंतर मिस्त्रीची काहीही खबर नाही.

तांडेलने हे सांगितले, तेव्हा दीर मला टोमणा मारील असे वाटले होते. त्याने मारला नाही. वहिनींनी पत्र माझ्याकडून मागून घेतले आणि नीट घडी घालून ठेवले. शाळेचे वर्ष संपताच त्या मुलीला घेऊन रत्नागिरीला गेल्या. त्या शाखेचा आणखी एखादा म्होरक्या मारला गेल्याची बातमी आली, की त्यांचा फोन येई. "सर, आता कोण हाय वर? आता लिवायचं का?" मी नाव सांगत असे. त्या नावाचा उपयोग नाही, हे मला त्यांना एकदाही सांगता आले नाही. आता फोन येत नाही, आणि तो न येण्याचे कारण विचारायचे धैर्य मला होत नाही.

अशा शाखांची सत्ता वरून खाली सरळ रेषेत उतरते, असे मी धरून चाललो. वरच्याचा शब्द खालच्या दारापर्यंत पोहोचतो की नाही, हे कोणत्याही बातमीत नव्हते आणि मी कोणाला विचारलेही नाही. ज्यांना विचारता आले असते, तो तांडेल आणि तो दीर, माझ्यापेक्षा कमी शिकलेले होते.

प्रमुख कसे बदलले, हे जुन्या वर्तमानपत्रांत सापडते. दारावर कोणाचे चालत होते, हे त्या किनाऱ्यावर जाऊन आलेले लोक सांगतात. वाचकांनी माझ्या सांगण्यावर विसंबू नये. दोन्ही गोष्टी स्वतः तपासून पाहाव्यात, ही विनंती.